आळसाचे 12 व्होल्ट

माझ्या जुन्या जावा मोटारसायकलला किक आणि गिअर यांची मिळून एकच दांडी आहे. डावीकडची ती दांडी आत दाबायची, वर फिरवून मागे आणायची आणि लाथ मारायची. इंजिन बोलू लागलं की तीच दांडी पुन्हा पुढे आणायची आणि तिनेच पहिला गिअर टाकायचा. नवखा माणूस मधली पायरी विसरतो आणि पायाने हवेत गिअर चाचपत बसतो. मी पहिले दोन महिने बसलो. शिवाय गिअरसाठी दांडी दाबली की क्लच आपोआप सुटतो, हाताने दाबायचीही गरज नाही. हे ज्याने काढलं त्याला दंडवत. ॲडजस्टमेंट बिघडते तेव्हा मात्र त्यालाच शिव्या.

लोक हिला ‘व्हिंटेज’ म्हणतात. काटेकोर इंग्रजी हिशेबाने, निदान मोटारींच्या बाबतीत, व्हिंटेज म्हणजे 1919 ते 1930 मधली. ‘फिव्हा’ ही जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना त्या मानाने उदार आहे: गाडी 30 वर्षांची हवी, मूळ रूपाला धरून राखलेली हवी आणि रोजच्या ये-जा साठी वापरात नसावी. पहिल्या अटीत आम्ही सहज पास. दुसरीत काठावर. तिसरीबद्दल बोलायला नको, कारण गेला महिनाभर मी हिच्यावरूनच कामाला जातोय.

काठावर का, तर मी हिच्यात बदल केलेत म्हणून. आणि त्या बदलांकडे आता मागे वळून पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. प्रत्येक बदल करताना मी ‘गाडी सुधारतोय’ असं म्हणत होतो. प्रत्यक्षात गाडीत दोष फारसा नव्हता. दोष माझ्यात होता आणि त्याची सोय मी गाडीत करून घेत होतो.

उदाहरणार्थ पॉइंट. उजवीकडचं झाकण उघडलं की शाफ्टच्या टोकाला कॅम, म्हणजे एका बाजूला उंचवटा असलेला फिरता तुकडा दिसतो आणि त्याला टेकलेले इवलेसे पॉइंट, म्हणजे उघडमीट करणारी विजेची टोकं. ते उघडले की कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि प्लगला हजारो व्होल्टचा झटका बसतो. सगळा खेळ 0.4 मिलिमीटरच्या फटीचा. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, तसतशी फट कमी होते, ठिणगी उशिरा पडू लागते आणि गाडी चढावर धापा टाकते. पॉइंटची टोकं जळून निळी-काळी पडली असतील तर आधी कंडेन्सरवर, म्हणजे पॉइंटवरची ठिणगी शोषून घेणाऱ्या भागावर संशय घ्यायचा.

टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, लावताना सिगारेटचा पातळ कागद पॉइंटमध्ये धरायचा, अगदी हलकेच ओढत राहायचं आणि दुसऱ्या हाताने इंजिन तसूतसूने फिरवायचं. ज्या क्षणी कागद सुटतो तो पॉइंट उघडण्याचा क्षण. मी सिगारेट ओढत नाही, पण माझ्या हत्यारांच्या पेटीत त्या कागदांचं पाकीट कायम असतं. त्याचा खुलासा घरी एकदा करावा लागला. पटला की नाही, माहीत नाही.

हे काम मला आवडतं असं मी चारचौघांत सांगत असे. पण एकदा भर पावसात, रस्त्याच्या कडेला, रुमालाने पॉइंट पुसताना ते आवडणं संपलं. आठवड्याभरात इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. कॅम-पॉइंटच्या जागी एक सेन्सर, झिजायला काही नाही, पुसायला काही नाही. दीड वर्ष ते झाकण मी उघडलंसुद्धा नाही. मग एके दिवशी गाडी बंद पडली. काल उत्तम, आज नाही, मध्ये काही नाही. पॉइंट बिघडायचे तेव्हा आधी आठवडाभर कुरकुर करायचे: सकाळी एक किक जास्त, मग दोन, मग चढावर दम. सेन्सरने एका शब्दाने कळवलं नाही. गाडी ढकलत घरी आलो. खरं सांगायचं तर ढकलण्याचा राग नव्हता. राग होता तो उघडून बघण्यासारखं आत काहीच नव्हतं याचा.

दिव्यांचं निराळं. जावाचा डायनॅमो 6 व्होल्टचा, जेमतेम 45 वॅटचा. हेडलाइटच त्यातले 35 खातो. वर ब्रेकलाइट आणि हॉर्न एकदम लागला की दिवा डोळे मिटल्यासारखा करतो. 6 व्होल्टवर 35 वॅट म्हणजे जवळपास 6 अँपिअर; 12 व्होल्टवर तेवढ्याच वॅटचा दिवा निम्म्या करंटवर जळतो आणि तारांमध्ये वाया जाणारी वीज एक चतुर्थांश होते. हे गणित मांडून मी रेग्युलेटर, बॅटरी, कॉइल, हॉर्न, सगळे बल्ब बदलले. डायनॅमो तोच ठेवला. आता चार्जिंगचा लाल दिवा जरा उशिरा, इंजिनाने वेग घेतल्यावर विझतो, एवढंच. पण गंमत पुढे आहे. वायरिंग सोडताना अर्थिंगचा (गाडीच्या सांगाड्यातून वीज बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीचा) जो बोल्ट निघाला, त्याच्याखाली गंजाची चांगली जाड भाकरी होती. तेवढी घासली असती तरी निम्मा उजेड परत आला असता. जुन्या गाडीत काहीही ‘सुधारण्या’आधी पहिल्यांदा अर्थिंग घासावं. हा सल्ला मी आता सगळ्यांना देतो, स्वतः उशिरा ऐकलेला.

ब्रेकच्या बाबतीत मी हट्टी आहे. पुढे डिस्क लावून घे म्हणणारे बरेच भेटतात. मी ड्रम खरवडून गोल करून घेतला, शूला चांगलं लायनिंग लावलं आणि वेग कमी ठेवला. हिचा फोर्क डिस्कच्या झटक्यासाठी बनलेला नाही. आणि तिचा एक कान कापून दुसऱ्या गाडीचा चिकटवला तर आरशात मीच तिला ओळखणार नाही.

एक चूक मात्र कबूल केली पाहिजे. टू-स्ट्रोक गाडी पेट्रोलबरोबर तेलही जाळते (25 ला 1, म्हणजे 5 लिटरमध्ये 200 मिलिलिटर), त्यामुळे सायलेन्सरच्या आतल्या बॅफलवर, म्हणजे आवाज दाबणाऱ्या लोखंडी भागावर, काळा चिकट कार्बन साठतो. तो निघाला नाही तर गाडीचा श्वास कोंडतो. बॅफल कॉस्टिक सोड्यात बुडवून ठेवले की लोखंड साफ निघतं. त्याच बादलीत मी ॲल्युमिनियमचं एक झाकणही टाकलं, म्हटलं हेही उजळेल. बादली उकळल्यासारखी फसफसायला लागली तेव्हा आधी मला कौतुकच वाटलं. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो हे शाळेत शिकलो होतो. झाकण बाहेर काढलं तेव्हा त्याची कड बिस्किटासारखी कुरतडलेली होती आणि आटे पार गेले होते.

ते झाकण मी टाकलं नाही. काहीच टाकत नाही. काढलेला प्रत्येक भाग एका पत्र्याच्या डब्यात जातो: जुना रेग्युलेटर, 6 व्होल्टचे बल्ब, फिकट झालेला हॉर्न, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. बदल असा करायचा की उद्या उलटा फिरवता येईल, नवं भोक पाडायचं नाही, काही कापायचं नाही, हा मी स्वतःला घातलेला एकमेव नियम.

सेन्सर मेला त्या रात्री डबा उघडला. चिठ्ठी होती: ‘पॉइंट, चालू स्थितीत’. माझंच अक्षर. बारीक पॉलिश पेपर फिरवला, फट मोजायची 0.4 ची पट्टी लावली, सिगारेटचा कागद सापडेना म्हणून अर्धा तास घर शोधलं. तिसऱ्या किकला चालू.

पॉइंट अजून तेच आहेत. 12 व्होल्ट मात्र राहू दिलेत. अंधारात गाडी चालवायला मला भीती वाटते.