टेबले हलवण्याआधी नकाशा का दाखवतो?

कार्यालयाची मांडणी बदलायची ठरली की कोण कुठे बसणार याचा नकाशा मी काम सुरू होण्याआधीच भिंतीवर लावतो आणि प्रत्येक विभागाशी बसून बोलतो. टेबले हलवायला एवढा खटाटोप कशासाठी, असे मला हमखास विचारले जाते. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

कायदा मला हे करायला लावत नाही. वेतन, कामाचे तास, पाळ्या अशा सेवाशर्ती बदलण्याआधी कामगारांना २१ दिवसांची सूचना देण्याचे बंधन १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ ने घातले. बसण्याची जागा त्या यादीत नव्हती. पण जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना पश्चिमेची खिडकी आणि कूलरसमोरची खुर्ची यांतला फरक ज्याला दिवसभर सोसायचा आहे, त्याला ती सेवाशर्तच वाटते, आणि त्याचे बरोबर आहे.

पूर्वी मी जिथे नोकरीला होतो, तिथे व्यवस्थापनाने आखाजीच्या सुटीला जोडून सगळी पार्टिशने काढून टाकली. आधी सांगितले तर कुरबुरी होतात, एकदा झाले की लोक रुळतात, हा त्यांचा होरा तेव्हा मलाही पटत असे. सुटीनंतर हिशेब विभागातले आप्पा नेहमीप्रमाणे सर्वांआधी आले. त्यांच्या टेबलाच्या जागी झेरॉक्सचे मशीन होते. खणातले सामान, म्हणजे चष्म्याचे घर, रक्तदाबाच्या गोळ्या, स्टॅम्प पॅड, असे सगळे एका खोक्यात भरून जिन्याखाली ठेवलेले होते. एरवी कार्यालयात कटाक्षाने प्रमाण मराठी बोलणारे आप्पा मला अहिराणीत म्हणाले, "भाऊ, माले काढी टाकं का?"

त्यांची जागा वरच्या मजल्यावर होती. पगार तोच, काम तेच. फक्त हे त्यांना सांगण्याचे काम कोणाकडेच सोपवलेले नव्हते. मी सांगितल्यावर त्यांनी खोके उचलले आणि अर्ध्या जिन्यात थांबून, वर पाण्याचा माठ आहे ना, असे विचारले. माठ खालीच होता. आप्पांचे गुडघे दुखतात हे शिपायापासून सर्वांना ठाऊक होते. नकाशा काढणाऱ्याला ठाऊक नव्हते, कारण त्याने कोणाला विचारलेच नव्हते.

पार्टिशने गेली की माणसे एकमेकांशी अधिक बोलतील, असेही तेव्हा सांगितले गेले. बर्नस्टाइन आणि टर्बन यांच्या २०१८ च्या अभ्यासात मात्र दोन मोठ्या कंपन्यांत मोकळ्या मांडणीनंतर समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटलेले दिसले. म्हणून मी फायद्याची हमी देत नाही. काय बदलणार, कधी, कशासाठी आणि कशावर अजून बोलता येईल, एवढेच सांगतो.

तेव्हाचा मी अजूनही माझ्याशी वाद घालतो. विचारून घेतले आणि तरीही नको ती जागा दिली, तर माणूस अधिक दुखावतो, असे तो म्हणतो, आणि ते मला खोडून काढता आलेले नाही. या वेळी आवक-जावकच्या दोघींनी पश्चिमेच्या जागेला हरकत घेतली आहे. खिडकीला पडदे आणि दुसरा कूलर मंजूर झाला आहे, जागा मात्र बदलून देता येत नाही, आणि सोमवारी ते मला त्यांना समोर बसून सांगायचे आहे.