फाळ, चाळण आणि खराट्याची काडी

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला पहिल्या इंटर्नलच्या व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, मॅडमनी माझ्यापुढे अर्धी कवटी ठेवली. जवळजवळ मधोमध उभी कापलेली. नाकाच्या बाहेरच्या भिंतीवर एकाखाली एक तीन वळकट्या दिसत होत्या, त्यांवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे तीन काँके. किती हाडं आहेत इथे?"

"एक, मॅडम. इथमॉइड."

"नक्की?"

व्हायव्हात "नक्की?" ऐकलं की माणूस उत्तर बदलतो. मी म्हटलं, "तीन." मग "दोन" म्हणण्याआधीच त्यांनी कवटी उचलून पुढच्या मुलीकडे सरकवली.

उत्तर दोनच होतं. वरचा आणि मधला काँका हे इथमॉइडचेच भाग असतात. खालचा मात्र स्वतंत्र हाड आहे, स्वतःचं नाव असलेलं. हे मी वाचलेलं होतं, वहीत लाल पेनानं अधोरेखितही केलं होतं. पण वहीतली यादी आणि हातातलं हाड यांची ओळखच झालेली नव्हती. अकरावी-बारावीचं सायन्स इंग्रजीत झालं असलं तरी दहावीपर्यंत मी मराठी माध्यमातली. ही लॅटिन-ग्रीक नावं म्हणजे मला अर्थ नसलेले आवाज वाटायचे. पाठ व्हायची आणि दोन दिवसांत गळून जायची.

त्या रात्री हॉस्टेलवर सिनिअर ताईकडून मिळालेला बोन सेट काढून बसले. त्यातही अशीच एक कापलेली कवटी होती. अशी कवटी कापताना करवत थोडी एका बाजूनं फिरवतात, त्यामुळे एका अर्ध्यावर नाकाचा मधला पडदा शाबूत राहतो आणि दुसऱ्या अर्ध्यावर बाहेरची भिंत उघडी पडते. पडद्याच्या पुढच्या बाजूला मोठी त्रिकोणी खाच होती. मला वाटलं, तुटलंय. ताई हसली. "अगं, तिथे कूर्चा असते. ती वाळल्यावर राहत नाही. कवटीला नाक नसतं ते उगाच का?"

पडद्याचा वरचा भाग इथमॉइडचा उभा पत्रा. खाली आणि मागे व्होमर. ताई सहज म्हणाली, "व्होमर म्हणजे नांगराचा फाळ."

मी परत बघितलं. खरंच फाळ होता. आमच्या गोठ्याच्या भिंतीला अजून एक लाकडी नांगर टेकवलेला आहे. ट्रॅक्टर आल्यापासून कुणी त्याला हात लावत नाही, पण लहानपणी आबांबरोबर लोहाराकडे फाळ पाजवून आणायला गेलेलं मला आठवतं. तोच चपटा, मागे रुंद आणि पुढे निमुळता होत गेलेला आकार. फक्त हा कागदासारखा पातळ.

मग मी प्रत्येक नावाचा अर्थ शोधत सुटले. इथमॉइड, म्हणजे चाळणीसारखं. नाकाच्या छताचा त्याचा पत्रा बारीक भोकांनी भरलेला असतो आणि वासाच्या मज्जातंतूंचे धागे त्या भोकांतून वर मेंदूकडे जातात. त्याच पत्र्यावर, कवटीच्या आतल्या बाजूनं, वर आलेला कंगोरा म्हणजे क्रिस्टा गॅली, कोंबड्याचा तुरा. काँका म्हणजे शंख-शिंपला. आपला शंख आणि हा शब्द मुळात एकाच घराण्यातले. अनसिनेट, इथमॉइडचाच एक बाकदार भाग, म्हणजे आकडीसारखं. नाकाची मागची दारं, कोआना, म्हणजे नरसाळं. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांनी अंगणात आणि स्वयंपाकघरातच बघितलं होतं, आणि मी इतके दिवस त्यांना घाबरत होते.

नाकाची पोकळी बनवणाऱ्या हाडांची यादी मग आपोआप लागली. एकेकटी हाडं चार: इथमॉइड, स्फेनॉइड (कवटीच्या तळाचं), फ्रंटल (कपाळाचं), व्होमर. जोडीनं येणारी पाच: नेझल (नाकाच्या दांड्याचं), मॅक्सिला (वरच्या जबड्याचं), पॅलाटाइन (टाळूचं), लॅक्रिमल (अश्रूंच्या वाटेचं) आणि तो खालचा काँका, ज्यानं माझा घात केला. एकूण चौदा. नाकाची जमीन सोपी आहे, पुढचा पाऊण भाग मॅक्सिलाचा आणि मागचा पाव पॅलाटाइनचा. खरी कटकट बाहेरच्या भिंतीची.

डिपार्टमेंटच्या कपाटात सुटा मॅक्सिला होता. त्याच्या आतल्या बाजूला अंगठा जाईल एवढं भोक, सायनसचं, म्हणजे गालाच्या आतल्या हवेच्या पोकळीचं. पूर्ण कवटीत मात्र तिथे जेमतेम फट दिसते. मला वाटलं, सॅम्पलच खराब आहे. दोन दिवस हे कोडं डोक्यात होतं. मग एकेक हाड शेजारी धरून पाहिलं तेव्हा कळलं की शेजारचे सगळे मिळून ते भोक बुजवतात: वरून इथमॉइडची आकडी, खालून खालचा काँका, मागून पॅलाटाइन, पुढून लॅक्रिमल. उरलेल्या जागेचा बराचसा भाग जिवंतपणी नाकातलं नाजूक अस्तर झाकतं. शेवटी राहतं ते लहानसं तोंड, तेही सायनसच्या वरच्या अंगाला. माठाची तोटी तळाशी न बसवता गळ्याशी बसवावी तसं. सर्दीनंतर गालात पू साठतो आणि माणूस उभा असताना त्याचा सहजासहजी निचरा होत नाही, त्याचं एक कारण हे.

(आमच्या काकांचं "नाकातलं हाड वाढलंय" हे वीस वर्षं ऐकत आले. हाड वाढलेलं बहुधा नसतंच. पडदा एका बाजूला वाकलेला असतो किंवा खालच्या काँक्यावरचं आवरण सुजलेलं असतं. दिवाळीत काकांना हे समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तेच ते, वाढलंय.")

डेमोला सगळ्यांकडे खराट्याची काडी असते, हाडातली छिद्रं दाखवायला. मला अश्रूंची वाट बघायची होती. डोळ्याच्या खोबणीच्या आतल्या कोपऱ्यात एक खळगा आहे, अर्धा मॅक्सिलाचा आणि अर्धा लॅक्रिमलचा. तिथून काडी खाली घातली की ती खालच्या काँक्याच्या आडोशाला बाहेर यायला हवी. रडताना नाक का वाहतं, आणि डोळ्यांत टाकलेल्या औषधाची कडू चव घशात का उतरते, ते सगळं त्या एका काडीत आहे. माझी काडी जाड होती. जरा जोर लावला आणि "कट्" असा इवलासा आवाज झाला. लॅक्रिमल, चेहऱ्यातलं सगळ्यात लहान आणि नाजूक हाड, करंगळीच्या नखाएवढं. पार गेलं. एका खऱ्या माणसाचं होतं ते. रात्रभर वाईट वाटत राहिलं.

फायनलला बाहेरून आलेल्या सरांनी कवटीच दिली. काँके विचारले, मी पटकन सांगितले. मग त्यांनी चाळणीवर बोट ठेवलं. "बाइकवरून पडलेला पेशंट. नाकातून स्वच्छ पाणी गळतंय. काय समजाल?"

"हा पत्रा फुटला असेल, सर. मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं."

"वॉर्डात काय करायचं नाही?"

"नाकातून नळी घालायची नाही. तुटलेल्या भागातून वर मेंदूत जाऊ शकते."

नाकाच्या बाहेरच्या भिंतीतलं स्फेनोपॅलाटाइन छिद्र कोणकोणत्या हाडांत बनतं हे विचारल्यावर मात्र अडखळले. पॅलाटाइन आलं, स्फेनॉइड आठवेपर्यंत त्यांना घड्याळाकडे बघावं लागलं. पास झाले.

या वर्षी सेट एका ज्युनिअरला दिला, मला मिळाला तसाच. देताना कवटीचा डावा डोळा दाखवून सांगितलं, इथलं मोठं छिद्र मुळातलं नाही, माझ्या काडीचं आहे, पाठ करू नकोस.