पिकार्डची चाळीस वर्षे आणि एक न विचारलेला प्रश्न

'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेचा 'द इनर लाइट' हा भाग १ जून १९९२ रोजी अमेरिकेत प्रथम दाखवला गेला आणि पुढच्या वर्षी त्याला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. मालिकेच्या एखाद्या भागाने हा पुरस्कार पटकावण्याची घटना त्यापूर्वी १९६८ साली घडली होती, आणि तो मानही जुन्या 'स्टार ट्रेक'कडेच गेला होता. तेव्हा या भागाची नुसती स्तुती करण्यात नवे काही नाही. मला तो अतिशय आवडतो. परंतु तो ज्या कारणासाठी आवडतो, त्याच कारणातून माझी तक्रारही उगवते, आणि ती मांडण्यासाठी कथानक उघड करणे भाग आहे.

एंटरप्राइज या अंतराळजहाजाला वाटेत एक अनोळखी यान भेटते, त्यातून निघालेला किरण कॅप्टन पिकार्डला गाठतो आणि तो जागच्या जागी कोसळतो. तो जागा होतो तो काटान नावाच्या ग्रहावर, रेसिक या लहानशा गावात. तिथे त्याला सगळे कामिन म्हणतात, एलीन नावाची स्त्री आपण त्याची पत्नी असल्याचे सांगते, आणि जहाजाच्या आठवणी हा तापातला भ्रम ठरतो. या गावात तो सुमारे चाळीस वर्षे काढतो. जहाजावर तेवढ्यात जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे उलटलेली असतात. काटानचा सूर्य हजार वर्षांपूर्वीच फुटून नष्ट झालेला आहे, आणि मरण अटळ आहे हे कळल्यावर तिथल्या लोकांनी आपली आठवण कुणाला तरी देण्यासाठी ते यान सोडले होते, हा उलगडा शेवटी होतो.

विज्ञानकथेत संपलेल्या संस्कृती पुष्कळ भेटतात. बहुधा त्या मागे भग्न मनोरे, न वाचता येणारी लिपी किंवा एखादे संहारक शस्त्र सोडून जातात. काटानच्या लोकांनी यांतले काहीच पाठवले नाही. त्यांनी पाठवले ते घर. पावसाची वाट पाहणारे गाव, चौकात हट्टाने जगवलेले एक रोपटे, मुलाच्या नामकरणाचा समारंभ आणि त्यात वाजवलेली बासरी, शाळा सोडून संगीताच्या मागे लागू पाहणारा मुलगा आणि त्यावरून बापाचा होणारा त्रागा. एलीन नवऱ्याला जन्मभर जोडे जागेवर ठेवायला सांगत राहते आणि मरणशय्येवरही तेच सांगते. या एका वाक्यात चाळीस वर्षांचा संसार बसवणाऱ्या मॉर्गन गेंडेल आणि पीटर अॅलन फील्ड्स या लेखकद्वयीला माझा नमस्कार. (तरुण मुलाची भूमिका पिकार्ड साकारणाऱ्या पॅट्रिक स्टुअर्टच्या खऱ्या मुलाने, डॅनियलने केली आहे, हे कळल्यापासून बापलेकांची दृश्ये मी अधिक लक्ष देऊन पाहतो.)

गोव्यात राहणाऱ्याला हे पाहताना कुर्डी आठवणे स्वाभाविक आहे. सांगे तालुक्यातला हा गाव ऐंशीच्या दशकात साळावली धरणाच्या पाण्याखाली गेला. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचा हा जन्मगाव. दर उन्हाळ्यात पाणी ओसरले की जोती, विहिरी आणि वाटा उघड्या पडतात, आणि मे महिन्यात जुने गावकरी सोमेश्वराच्या उत्सवासाठी तिथे जमतात. इथले कदंबकालीन महादेव मंदिर दगड न् दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभारले गेले, ते योग्यच झाले. पण मे महिन्यात येणारी माणसे नातवंडांना दाखवतात ती चुलीची जागा, तुळशीची जागा, शेजाऱ्याच्या परसातली विहीर. काय जपावे याबाबत काटान आणि कुर्डी यांचे मत एकच आहे.

माझ्या नात्यातल्या एका वयस्क बाईंना मी हा भाग दाखवला. त्यांचे माहेर कुर्डीचे, आणि गाव उठल्यावर ते घर वाडे या गावी पुनर्वसनात गेले. त्या काटानच्या बाजूने बोलतील अशी माझी अपेक्षा होती. त्या अर्थ समजावून घेत शांतपणे बघत राहिल्या आणि शेवटी कोंकणीत एवढेच म्हणाल्या, "पूण ताका कोणें विचारलें?"

तक्रार नेमकी हीच आहे. पिकार्डला कोणी विचारले नाही. एका परक्या माणसाचे मन ताब्यात घेऊन त्यात पत्नी, मुले, नातवंडे आणि त्यांचे मृत्यू भरले गेले, आणि किरण मध्येच तोडायचा प्रयत्न झाला तेव्हा त्याचा जीव जाण्याची वेळ आली. याच मालिकेत १९९० साली बोर्ग या यंत्रमानवी शत्रूंनी याच पिकार्डचे मन बळकावले होते, तेव्हा मालिकेने त्याला निःसंदिग्धपणे अत्याचार मानले. 'फॅमिली' या भागात तो भावाच्या द्राक्षमळ्यात चिखलात बसून ढसाढसा रडतो, आणि मालिका त्याला तसे रडू देते. बोर्ग क्रूर होते आणि रेसिकचे लोक प्रेमळ होते, हा फरक मोठा आहेच, तरीही ज्याचे मन घेतले गेले त्याच्या बाजूने पाहता पहिली पायरी दोन्हीकडे सारखीच आहे.

लेखकांना हे जाणवले नव्हते असे म्हणता येत नाही. पाच वर्षे संसारात काढूनही कामिन रात्री आकाशाचे नकाशे काढत बसतो आणि आपले जहाज शोधत राहतो. एलीनला त्याचे दुःख होते आणि तरीही ती त्याला सांभाळून घेते. मग तो स्वतःच मुलासाठी खोली बांधायची म्हणतो. त्याचा हा होकार उशिरा आलेला असला तरी खरा वाटतो, कारण तो मिळवायला पटकथेने घाई केलेली नाही. भागाचे मोठेपण मला त्या पाच वर्षांत दिसते, शेवटच्या रहस्यभेदात नाही.

जागा झाल्यावर मात्र मालिका कच खाते. यानात सापडलेली बासरी त्याचा सहकारी अधिकारी रायकर आणून देतो, पिकार्ड ती छातीशी धरतो आणि वाजवतो. संगीतकार जे चॅटवेच्या त्या सुरावटीपुढे शब्द तोकडे पडले असते, म्हणून दृश्यातले मौन मला मान्य आहे. मान्य नाही ते दोन आठवड्यांनी आलेल्या 'टाइम्स अॅरो' या भागातले मौन, जिथे हा माणूस काही घडलेच नाही अशा थाटात कामावर हजर असतो. काटानवर चाळीस वर्षे लोखंड विणण्याचा धंदा केलेला, पत्नीला पोचवून आलेला आजोबा एका रात्रीत कॅप्टन कसा होतो? दर आठवड्याला नवी गोष्ट सांगण्याचा त्या काळच्या मालिकांचा दंडक हे त्याचे कारण, आणि ते मला समजते. समजते म्हणून पटते असे नाही. पुढच्या हंगामात 'लेसन्स' या भागात बासरी परत येते आणि पिकार्ड एका सहकारी स्त्रीला तिची कथा सांगतो, तेवढीच काय ती भरपाई.

ज्यांनी ही मालिका कधी पाहिलेली नाही त्यांनाही 'द इनर लाइट' पूर्वतयारीशिवाय कळेल. माझा आग्रह एवढाच की आधी 'फॅमिली' पाहावा, मग हा पाहावा, आणि दोन्हींमध्ये निदान एक रात्र जाऊ द्यावी.