गोणपाटाच्या पट्टीपासून सुरू झालं

पुण्यातल्या धायरीत आमचं वर्कशॉप म्हणजे दहा बाय बाराची खोली, दोन शिलाई मशिन आणि एक कटिंगचं टेबल. २०१५ पर्यंत इथे कॅनव्हासच्या पिशव्या आणि दप्तरं शिवली जायची. कुत्र्यांची खेळणी शिवू या, असं कुणी म्हटलं असतं तर आईने त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं.

मग भुऱ्या आला. सोलापूरकडच्या मावसभावाने दिलेलं कारवानी जातीच्या कुत्र्याचं पिल्लू. घरात बिस्किटासाठी शहाण्यासारखं बसायचं, टेकडीवर नेलं की त्याच बिस्किटाकडे ढुंकूनही बघायचं नाही. हाका मारून घसा कोरडा पडायचा. शिकारीसाठी पाळली गेलेली जात ती, पळत्या वस्तूपुढे बिस्किटाची काय मातब्बरी! एकदा वर्कशॉपमध्ये गोणपाटाची पट्टी सुतळीला बांधून जमिनीवरून ओढली, तर तो असा झेपावला की बटणांचा डबाच उलटला. दुसऱ्या दिवशी पट्टी खिशात घालून टेकडीवर गेलो. हाकेला आला की पट्टी बाहेर, अर्धा मिनिट ओढाओढी, पुन्हा खिशात. महिन्याभरात एका हाकेत यायला लागला.

टेकडीवर कुत्र्यांना शिकवणाऱ्या एका ट्रेनरने ते बघून तशा ओढाओढीच्या खेळण्याचे दहा नग मागितले. तीच पहिली ऑर्डर, आणि तिच्यातच तोंडघशी पडलो. दप्तराचा साधा धागा वापरला होता. एका लॅब्रॅडॉरने शिवण उसवली, धागे गिळले आणि त्याला डॉक्टरांकडे न्यावं लागलं. गिळलेला लांब धागा आतडं गोळा करून कापू शकतो, हे तेव्हा कळलं. कुत्रा वाचला. दहाही नग परत आणले आणि उपचाराचं बिल भरलं. तेव्हापासून जाड नायलॉनचा धागा, हँडलवर चौकोन आणि त्यात फुली असा टाका. पॅकिंगमध्ये चिठ्ठी असते: खेळ संपला की वस्तू कपाटात.

ही चिठ्ठी लोक वाचत नाहीत. मध्यंतरी एक काका तक्रार घेऊन आले, "आमचा टायगर याला तोंडच लावत नाही हो." खेळणं आठवडाभर टायगरच्या गादीवर पडून होतं. दिवसभर पायात येणाऱ्या वस्तूचं बक्षीस कसं होणार? शिवाय काका ते त्याच्या तोंडात कोंबत होते. म्हटलं, काका, ससा कधी कुत्र्याच्या तोंडात चालत येतो का? ते लांब पळवा, जमिनीलगत, वेडंवाकडं. टायगरने पकडलं तसे काका वर खेचायला लागले. तेही थांबवलं, मानेला हिसका बसतो. सोडवायचं असेल तर हात मांडीला टेकवून निश्चल उभं राहायचं. ओढ संपली की मजा संपते. टायगरने सोडलं त्या क्षणी "शाब्बास" आणि पुन्हा खेळ. काका घामाघूम, टायगर खूश.

बक्षीस म्हणून खाऊ द्यायला आमचा विरोध नाही. शांत बसवायला, नवं काही हळूहळू शिकवायला खाऊच बरा; खेळण्याने कुत्रा चेकाळतो. दात बदलत असलेल्या पिल्लांसाठी आम्ही गोणपाट देतच नाही, मऊ कापडाचा नग देतो, तोही हलक्या हाताने खेळवा असं बजावून. टेनिसचा चेंडूही ठेवत नाही. त्याच्या लवेत माती बसते आणि सारखं चावून दात झिजतात.

भुऱ्या आता म्हातारा झालाय, कटिंगच्या टेबलाखाली झोपतो. नव्या डिझाइनची पहिली ओढ अजून त्याचीच. पण हल्ली दोन हिसके देऊन सोडून देतो, म्हणून पक्क्या तपासणीला शेजारच्या गल्लीतला रॉटवायलर बोलवावा लागतो.