एफटी-८५७डीला पॅनाडॅप्टर: टॅप बसला, आता गेनची भानगड

एफटी-८५७डी या माझ्या हौशी रेडिओ संचाचं, म्हणजे रिगचं, झाकण परत बसलं. तिला पॅनाडॅप्टर, म्हणजे आजूबाजूचा बँड पडद्यावर दाखवणारी सोय, जोडतो आहे. मागच्या फटीतून एक बारीक कोॲक्स बाहेर आली आहे, तिच्या टोकाला आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा यूएसबी रिसीव्हर) आहे आणि २० मीटरचा अख्खा बँड, १४.००० ते १४.३५० मेगाहर्ट्झ, एका नजरेत दिसतो आहे. काम पूर्ण झालेलं नाही. पण जुन्या रिगला अशी खिडकी पाडायची तर जीव कुठे ओतायचा, याबद्दल माझं मत पक्कं झालं आहे: टॅपवर, म्हणजे रिगच्या आतून सिग्नल काढून घेण्याच्या जोडावर. डोंगल आणि सॉफ्टवेअर नंतर केव्हाही बदलता येतं. रिगच्या पोटात एकदा दिलेला डाग मात्र पुन्हा पुन्हा काढायला नको वाटतो.

कल्पना जुनीच. हॅलिक्राफ्टर्सचा एसपी-४४ रिसीव्हरच्या ४५५ किलोहर्ट्झच्या आयएफला (ऐकायचा सिग्नल ज्या ठरलेल्या मधल्या फ्रिक्वेन्सीवर आणला जातो तिला) जोडला की कॅथोड-रे ट्यूबवर बँडचा तुकडा दिसायचा, पुढे हीथकिटचा एसबी-६२० आला. त्यांच्यात एक ऑसिलेटर बँडवरून सतत इकडून तिकडे फिरत असे. टीव्हीच्या स्वस्त डोंगलमधली आरटीएल२८३२यू चिप कच्चे आय-क्यू सॅम्पल (सिग्नलची अंकी मोजमापं) बाहेर देते हे २०१२ च्या सुमारास सगळ्यांना कळलं आणि त्या फिरत्या ऑसिलेटरचं काम एफएफटीकडे, म्हणजे सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या काढणाऱ्या गणिताकडे, गेलं.

आता टॅप. ८५७ मध्ये एचएफचा सिग्नल बँडपास फिल्टरमधून पहिल्या मिक्सरला जातो आणि तिथून ६८.३३ मेगाहर्ट्झवर येतो. लगेच पुढे रूफिंग फिल्टर, म्हणजे फक्त चिंचोळा पट्टा आत सोडणारा. त्याच्यानंतर टॅप घेतला तर पडद्यावर जेमतेम काही किलोहर्ट्झची चिंचोळी पट्टी उरते, म्हणून जागा एकच: मिक्सरनंतर, फिल्टरच्या आधी. अँटेनाला स्प्लिटर लावून डोंगलला वेगळा सिग्नल का देत नाही, असं विचारलं जातं. देता येतो. पण मग साधारण ३ डेसिबल तिथेच जातात, ट्रान्समिटच्या वेळी डोंगल वाचवण्याची सोय वेगळी करावी लागते आणि रिगच्या बँडपास फिल्टरचा फायदा डोंगलला मिळत नाही. आयएफ टॅपमध्ये डोंगल कायम ६८.३३ वर बसून राहतं, डायल फिरवली की बँडच त्याच्यासमोर सरकतो.

मिक्सरच्या आउटपुटला ५० ओमची केबल सरळ जोडली तर डोंगलला सिग्नल भरपूर मिळेल, आणि रिग तेवढीच बहिरी होईल. शिवाय रूफिंग फिल्टरला ठरावीक इम्पीडन्स लागतो. तो बिघडला की पासबँडमध्ये उंचसखलपणा येतो. म्हणून मध्ये जे३१० ट्रान्झिस्टरचा सोर्स फॉलोअर (मिक्सरवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारा बफर) घातला आहे. त्याच्या गेटपर्यंत ४.७ पिकोफॅरडचा कपॅसिटर. ६८.३३ मेगाहर्ट्झला त्याचा रिॲक्टन्स ५०० ओमच्या आसपास येतो, आणि पुढे गेटचा स्वतःचा इम्पीडन्स मोठाच. २.२ पिकोफॅरड लावला तर आकडा हजाराच्या वर जातो. माझ्या मते २.२ ने सुरुवात करावी. पडद्यावर सिग्नल कमी पडला तर डोंगलचा गेन वाढवता येतो, पण रिगची गेलेली संवेदनशीलता कुठल्याही बटणाने परत येत नाही.

बफरचा दुसरा उपयोग उलट्या दिशेचा आहे. डोंगलच्या आतला लोकल ऑसिलेटर आणि यूएसबीचा किचाट याच केबलने मागे येऊन आयएफमध्ये घुसू शकतो. सोर्स फॉलोअर तो बराचसा अडवतो. पुरता अडवत नाही, म्हणून यूएसबी केबलवर मिक्स ३१ च्या फेराइटचे वेढे आहेतच.

बफरला वीज फक्त रिसीव्हच्या वेळी जिवंत असणाऱ्या लाइनवरून दिली आहे. ती मीटरने शोधावी, अंदाजाने नाही. ८५७ मध्ये ट्रान्समिटचा सिग्नलही ६८.३३ वरून जातो. बफर तेव्हा चालू राहिला तर तो तगडा सिग्नल सरळ डोंगलच्या ट्यूनरवर आदळेल. बफर झोपला तरी थोडं गळतंच, त्यासाठी आउटपुटला उलटसुलट दोन १एन४१४८ डायोड टाकले आहेत.

टॅपने रिगला काय केलं हे एस-मीटरवरून, म्हणजे रिगच्या सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मापकावरून, ठरवू नका. एस-मीटर या कामाचा नाही. सिग्नल जनरेटर, अटेन्युएटर आणि स्पीकरच्या तारांवर एसी व्होल्टमीटर एवढं पुरतं. आधी जनरेटर बंद ठेवून नुसत्या खरखरीचं रीडिंग घ्यायचं, मग सिग्नल हळूहळू वाढवत व्होल्टेज १.४१ पट होईपर्यंत न्यायचं. म्हणजे ३ डेसिबल वाढ. अटेन्युएटर तेव्हा जिथे असेल तो आकडा लिहून ठेवायचा. हेच टॅप जोडण्याआधी आणि नंतर, त्याच बँडवर, त्याच मोडमध्ये. ७ मेगाहर्ट्झला एखादा डेसिबल गेला तर कोणाला कळणारही नाही, तिथे बँडची स्वतःची खरखर त्याहून कितीतरी वर असते. ५० आणि १४४ ला मात्र तोच एक डेसिबल टोचतो. मी मोजमाप ५० वरच केलं. फरक इतका बारीक आला की अटेन्युएटरच्या एका पायरीत मावला.

सॉफ्टवेअर एचडीएसडीआर, रिगशी बोलायला ऑम्नी-रिग. मेनूमध्ये मागच्या जॅकचं काम ‘कॅट’ (संगणकावरून रिगचं नियंत्रण) असं निवडलेलं असलं पाहिजे, नाहीतर बॉड रेट कितीही बदलला तरी रिग मुकी. त्यानंतर फ्रंट-एंडच्या सेटिंगमध्ये आयएफ ६८,३३०,००० भरायचं आणि स्पेक्ट्रम उलटा करायची खूण करायची. एचएफवर लोकल ऑसिलेटर सिग्नलच्या वर असतो: ७.१ ऐकताना तो ७५.४३ वर. त्यामुळे बँडची वरची बाजू आयएफमध्ये खाली जाते. डायल वर फिरवली आणि वॉटरफॉल (पडद्यावर सरकत जाणारा सिग्नलांचा पट) उलट्या दिशेने पळाला तर हेच कारण. बँड बदलल्यावर हे एकदा नव्याने तपासावं.

आणखी एक गोष्ट सुरुवातीला गोंधळात टाकते. यूएसबी (इथे अपर साइडबँड, केबल नव्हे) मोडवरून एलएसबीवर (लोअर साइडबँड) गेलं की पडद्यावरची सगळी स्टेशनं किलोहर्ट्झ-दीड किलोहर्ट्झने सरकतात. रिगमध्ये साइडबँड फिल्टरमध्ये बसावा म्हणून कॅरिअरची जागा हलवली जाते, त्याचा हा परिणाम. एचडीएसडीआरमध्ये प्रत्येक मोडसाठी वेगळा ऑफसेट भरता येतो. तो भरण्याआधी डोंगलच्या क्रिस्टलचा हिशेब मिटवा, नाहीतर दोन चुका एकमेकींत मिसळतात. साध्या क्रिस्टलचं डोंगल ५० पीपीएमने (दशलक्षात ५० भागांनी) हललेलं असेल तर ६८.३३ ला ती चूक ३.४ किलोहर्ट्झ होते. १ पीपीएमच्या टीसीएक्सओने (तापमानाची भरपाई करणाऱ्या क्रिस्टल ऑसिलेटरने) तीच ६८ हर्ट्झवर येते. इथे मात्र चांगल्या डोंगलवर पैसे टाकावेत असं मी म्हणेन. क्रिस्टल २८.८ मेगाहर्ट्झचा असतो. त्याचे हार्मोनिक ५७.६ आणि ८६.४ वर पडतात, आपल्या खिडकीपासून लांब. हा निव्वळ नशिबाचा भाग.

राहता राहिला गेन, आणि तिथेच सध्या हात अडकला आहे. सॅम्पल रेट २.०४८ मेगासॅम्पल, एफएफटी ६५,५३६ पॉइंटची, म्हणजे एक बिन (फ्रिक्वेन्सीचा एक कप्पा) ३१.२५ हर्ट्झचा. ‘आठच बिट, त्यात काय दिसणार’ असं हिणवलं जातं, ते अर्धवट आहे. आठ बिटांचे सैद्धांतिक ५० डेसिबल पूर्ण खिडकीसाठी असतात. इतक्या बारीक बिनांमध्ये खरखर वाटली गेली की आणखी ४८ डेसिबलचा फायदा मिळतो. खरी अडचण वेगळी. खिडकीतलं सगळ्यात तगडं स्टेशन गेन ठरवतं, मग ते तुम्हाला हवं असो वा नसो. संध्याकाळी ४० मीटरवर ७.१ मधोमध ठेवलं की खिडकी ६.०८ ते ८.१२ पर्यंत पसरते, आणि ७.२ च्या वरची ब्रॉडकास्ट स्टेशनं त्यात अंग पसरून बसतात. गेन थोडा जास्त झाला तर ओव्हरलोड होऊन जिथे काहीच नाही तिथे भुतं उगवतात.

ट्यूनरचा एजीसी (गेन आपोआप बदलणारी सोय) बंद. अँटेनाच्या जागी डमी लोड लावून गेन शून्यावर आणायचा, मग अँटेना जोडायची आणि खरखरीची रेषा नुकतीच उचलली जाईपर्यंत एकेक पायरी चढायचं. तिथेच थांबायचं. ४० मीटरला संध्याकाळी ही पायरी २० मीटरपेक्षा बरीच खाली येते, आणि पडदा थोडा मंद दिसला तरी खरा दिसतो.

तपासणीसाठी १४.१०० मेगाहर्ट्झवरचे एनसीडीएक्सएफ आणि आयएआरयू या हौशी रेडिओ संस्थांचे बीकन (आपोआप ठरावीक सिग्नल सोडणारी स्टेशनं) फार कामाचे. अठरा बीकन, प्रत्येकाला दहा सेकंद, तीन मिनिटांत फेरी पूर्ण. कॉलसाइन आणि पहिला डॅश १०० वॅटवर, पुढचे तीन १०, १ आणि ०.१ वॅटवर. दर पायरीला १० डेसिबल कमी, म्हणजे फुकटची मोजपट्टी. बँड चांगला उघडा असताना दोन डॅश ठळक, तिसरा ओझरता. कानाला तिसरा ऐकू येतो आणि पडद्यावर दिसत नाही असं झालं तर गेन एक पायरी वाढवतो. दोन्हीकडे नसेल तर सेटिंगला हात लावत नाही.

रोजच्या वापरात सगळ्यात मोठा फरक पडला तो पाइलअपमध्ये, म्हणजे एकाच स्टेशनला अनेकजण एकदम हाका मारतात तेव्हा. डीएक्स (दूरचं) स्टेशन ‘अप’ (माझ्या फ्रिक्वेन्सीच्या वर हाक मारा) म्हणतं तेव्हा तो वर नेमका कुठे ऐकतो आहे, हे आधी कानाने हुडकावं लागे. आता त्याने ज्याला उत्तर दिलं त्याची रेघ वॉटरफॉलवर दिसते, पुढची रेघ तिच्या कोणत्या बाजूला पडते तेही दिसतं, आणि व्हीएफओ बी (रिगमधली दुसरी फ्रिक्वेन्सी) तिथे नेऊन ठेवता येतो. पडदा कानाच्या थोडा मागे चालतो, त्यामुळे सीडब्ल्यू (मोर्स) पडद्यावर पाहून वाचायला जाऊ नये.

पुढचं काम: ४.७ काढून २.२ पिकोफॅरड घालणे आणि ५० व १४४ ची मोजणी पुन्हा. त्यासाठी झाकण एकदा उघडावं लागेलच.