घरचा सर्व्हर: फाइलीला कुलूप, डिरेक्टरी सताड उघडी

घरच्या सर्व्हरवर डेबियन लिनक्स आहे; त्यावरच्या सगळ्या फाइलींच्या परमिशन्स (कुणाला वाचता, लिहिता, चालवता येतं) तपासून झाल्या, असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. डिरेक्टऱ्या मात्र राहिल्याच होत्या. शनिवारी रात्री रूट (सगळे अधिकार असलेलं खातं) होऊन ही शोधाची कमांड चालवली:

फाइंड / -एक्सडेव्ह -टाइप डी -पर्म -०००२ ! -पर्म -१०००

म्हणजे कुणालाही लिहिता येतं, पण स्टिकी बिट (दुसऱ्याच्या फाइली पुसू न देणारी खूण) नाही अशा डिरेक्टऱ्या. /टीएमपी यात येत नाही, तिची परमिशन १७७७ असते, त्यातला पहिला १ म्हणजे स्टिकी बिट. दोन निघाल्या. एक जुन्या खेळाची होती, उडवली. दुसरी पाहून पोटात गोळाच आला: /एसआरव्ही/बॅकअप, चक्क ७७७, म्हणजे मालक, गट आणि परके, तिघांनाही सगळं मोकळं. फोनमधले फोटो तिथे पोचत नव्हते म्हणून मीच कधीतरी केली होती. आणि त्याच डिरेक्टरीतली रूटच्या मालकीची, ७०० परमिशनची (फक्त मालकालाच मोकळी) स्क्रिप्ट रोज पहाटे रूटचा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं करणारा प्रोग्रॅम, चालवतो.

धोका खरा आहे का ते पाहायला 'चाचणी' नावाचं साधं खातं काढलं, त्यातून प्रयत्न केले. स्क्रिप्ट वाचायला गेलो, नकार. लिहायला गेलो, नकार. मग एमव्ही कमांडने तिचं नाव बदललं, तर निमूट बदललं! जुन्या नावाने माझी दोन ओळींची फाइल ठेवली, तिला एक्स (चालवायची परमिशन) दिला. काम एवढंच, आपण कोण म्हणून चालतोय ते लिहून ठेवायचं. सकाळी उघडून पाहिलं. एकच शब्द होता: रूट.

डिरेक्टरी म्हणजे नावांची यादी. फाइल पुसणं, तिचं नाव बदलणं हा त्या यादीतला बदल. त्यासाठी डिरेक्टरीवर डब्ल्यू (लिहिण्याची परमिशन) आणि एक्स (डिरेक्टरीत शिरण्याची) लागतात, फाइलीची परमिशन कुणी विचारतच नाही. स्टिकी बिट असता तर फाइलीचा मालक, डिरेक्टरीचा मालक आणि रूट सोडून कुणालाही ते जमलं नसतं.

स्क्रिप्ट जागेवर आणली, डिरेक्टरी रूटच्या नावावर ७५० केली, म्हणजे परक्यांना काहीच नाही. फोटोंना वेगळी जागा दिली. मग नेमआय -एल ने (वाटेतल्या प्रत्येक डिरेक्टरीची परमिशन दाखवणारी कमांड) अख्खा रस्ता पाहिला, बरं झालं पाहिला. वरची /एसआरव्हीच ७७५ होती, म्हणजे गटालाही लिहिता येत होतं, आणि गट घरातल्या सगळ्यांचा. त्या गटातल्या कुणालाही आख्खी बॅकअप डिरेक्टरी बाजूला सारून तिच्या जागी दुसरी ठेवता आली असती. पहिल्या शोधात हे दिसणार नव्हतंच, तो फक्त परक्यांचा डब्ल्यू बघतो. ७५५ केली, गटाचा डब्ल्यू गेला.

आता -००२० ची, म्हणजे गटाला लिहिता येणाऱ्या डिरेक्टऱ्यांची यादी चाळतोय. /व्हार/मेल आणि /व्हार/लोकल डेबियन मुळातच २७७५ ठेवतं, त्यांना हात लावला नाही. /व्हार/लोकल ज्या स्टाफ गटाची, त्यात कोण आहे ते गेटेन्ट कमांडने पाहिलं: कुणी नाही.