त्रिकालाबाधित

नववी ‘ब’च्या सहामाहीत भूमितीच्या पेपरात मी लिहिलं होतं, ‘त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असते, हे त्रिकालाबाधित सत्य आहे.’ सरांनी मार्क दिले, पण त्या शब्दाखाली लाल रेघ ओढून समासात विचारलं, ‘हा कुठून आणलास?’

निबंधाच्या वहीतून, दुसरीकडून कुठून!

पेपर दाखवायच्या दिवशी सर भूगोलाच्या खोलीतला पृथ्वीगोल काखेत मारून आले. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत खडूची एक रेघ, ध्रुवाशीच काटकोन करून दुसरी. गुण्याचा कोपरा लावून म्हणाले, ‘मोज.’ तिन्ही काटकोन. बेरीज २७०. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, ‘सर, पण तो फुगलाय!’ मुद्दा तोच होता. कागद सपाट आहे, हे आम्ही न सांगताच धरून चाललो होतो. ते धरलं की १८० येणारच, सुटका नाही. (जर्मन तत्त्वज्ञ कांटलासुद्धा युक्लिडची, म्हणजे आपली शाळेतलीच, भूमिती अटळ वाटे. तो १८०४ साली गेला आणि १८२९ साली रशियन गणिती लोबाचेव्हस्कीने निराळी भूमिती छापली. हे कॉलेजात कळलं.)

शब्दाचा पत्ता संस्कृतच्या बाईंनी लावला. हा वेदान्त्यांचा शब्द. अंधारात दोरीवर दिसलेला साप दिवा येईपर्यंत खराच. दिव्याने त्याचा बाध होतो, म्हणजे तो खोटा ठरतो. भूत, वर्तमान, भविष्य, कधीच बाध होत नाही ते ब्रह्म, आणि अद्वैतात पुरतं ‘सत्य’ तेवढंच. ‘पण बाई, ते सिद्ध कसं करायचं?’ बाईंची रोजची पूजा कधी चुकत नसे, तरी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘सरांनी कागद धरला, तशी मी श्रुती, म्हणजे वेदवचन, धरते. सर कागद बदलतील, मी श्रुती बदलणार नाही. एवढाच फरक.’

एवढाच! मला तो आजही फार मोठा वाटतो.

पुढे मी मोजणी खात्यात लागलो. जमिनीवरच्या मोठ्या त्रिकोणात बेरीज खरोखरच १८०हून जास्त भरते, दर २०० चौरस किलोमीटरला साधारण एक सेकंद, म्हणजे अंशाचा ३६००वा भाग. दोन एकरांच्या तुकड्यात ते कोणाला कळतंय? तिथे भांडण बांधाचं. दोघे सख्खे भाऊ आईची शपथ घेऊन दोन वेगळ्या जागा दाखवतात. मी टेप न उलगडता आधी विचारतो, ‘दादा, कोणता दगड धरून मोजू?’